वाचकांचे प्रश्न : लेझीम, टपरी आणि आठवीतली मुले

प्रश्न : आम्ही सोलापुरातील न्यू पाच्छा पेठेतल्या एका तरुण मंडळाचे कार्यकर्ते आहोत. गेली तीन वर्षे २६ जूनला, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनी, आम्ही प्रभातफेरी काढतो, मुलांना व्यसनमुक्तीची शपथ देतो आणि व्याख्यान ठेवतो. गेल्या वर्षी दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या एका गृहस्थांनाही बोलावले होते. तरीही आठवी-नववीतली मुले संध्याकाळी टपरीच्या मागे तंबाखू-सुपारीचा मावा चघळताना दिसतात. यंदा गणेशोत्सवाच्या वर्गणीतून काही रक्कम या कामासाठी राखून ठेवली आहे. ती कशावर खर्च करावी?

उत्तर : वर्गणीतून या कामासाठी पैसे बाजूला काढावेत असे तुमच्या मंडळाला वाटले, याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणूनच पुढचे थोडे स्पष्ट लिहितो. ही रक्कम फलकांवर आणि व्याख्यानांवर खर्च करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने प्रतिबंधाच्या कामाची मानके २०१३ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. जगभरच्या अभ्यासांचा धांडोळा घेऊन त्यांत नमूद केले आहे की, नुसते भाषण, भीती घालण्यावर दिलेला भर आणि व्यसनातून सुटलेल्यांचे अनुभवकथन यांनी मुलांमधले व्यसन कमी होत नाही, किंबहुना कधी कधी उलटाच परिणाम होतो. आठवीतल्या मुलाच्या मनात त्या गृहस्थांच्या बोलण्यातले नेमके काय उरते, याचा विचार करा. त्यांनी अनेक वर्षे दारू प्यायली आणि तरीही आज ते व्यासपीठावर सत्कार स्वीकारत आहेत, एवढेच त्याच्या लक्षात राहू शकते. त्यांच्या अनुभवाला मोल आहे, पण ते पालकांच्या बैठकीत.

ज्या देशाने या बाबतीत खरोखर काही करून दाखवले, तो आइसलँड. तेथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले महिनाभरात एकदा तरी दारूच्या नशेत राहिलेली असत. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी मुलांना उपदेश करण्यापेक्षा मुलांच्या संध्याकाळींकडे लक्ष दिले. खेळ आणि संगीताच्या वर्गांसाठी नगरपालिकांनी पैसे दिले, प्रत्येक शाळेत पालकांचे गट उभे राहिले, रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहू नये असे पालकांनी आपसात ठरवले, आणि दरवर्षी पाहणी करून आपल्या भागात काय चालले आहे हे लोकांसमोर ठेवले. चार लाखांहून कमी वस्तीचा तो श्रीमंत देश आणि सोलापुरातला आपला कामगारवस्तीचा पूर्व भाग यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. परंतु शाळा सुटल्यापासून आई-वडील घरी येईपर्यंतचे तास हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. वडील यंत्रमागाच्या किंवा टॉवेल कारखान्याच्या पाळीवर आणि आई विड्यांच्या कामात गुंतलेली असते, तेव्हा त्या तासांत मुलाला नावाने हाक मारणारा माणूस बहुधा टपरीवालाच असतो.

या तासांसाठी लागणारी गोष्ट तुमच्या मंडळाकडे आधीपासूनच आहे, ती म्हणजे लेझीम. सोलापूरच्या मिरवणुकीत लेझीमच्या ताफ्याला जो मान आहे, तो तुम्हाला मी सांगायला नको. उत्सवाआधी काही आठवडे तीच मुले रोज संध्याकाळी वेळेवर येतात, चुकले तर ओरडा खातात, घामाघूम होऊन घरी जातात आणि त्या दिवसांत टपरीकडे फिरकण्याची त्यांना सवड नसते. मग विसर्जन होते, लेझीम पोत्यात बांधून माळ्यावर जाते आणि मुले पुन्हा टपरीपाशी येतात. तुमची रक्कम माळ्यावरचे ते पोते वर्षभर खाली ठेवण्यासाठी वापरा. एका प्रशिक्षकाचे मानधन, मैदानावर दिवा, आठवड्यातून चार संध्याकाळी सराव आणि मुलींसाठी वेगळा ताफा, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. ज्यांना लेझीम आवडत नाही त्यांच्यासाठी कबड्डी किंवा कॅरम चालेल. महत्त्वाचे हे की रोज तेच मोठे माणूस तेथे असावे आणि एखादा मुलगा दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी जाणारे कोणीतरी असावे. मात्र एक अट कठोरपणे पाळावी लागेल. ताफ्यातल्या थोरल्या मुलांनी सरावाच्या जागी मावा खाल्ला, किंवा मिरवणुकीत कार्यकर्ते पिऊन नाचले, तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात जाईल, कारण धाकटा थोरल्याकडे बघूनच शिकतो.

टपरीविषयी कायदा स्पष्ट आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत ती कोणालाच विकता येत नाही. त्यातला दंड फक्त २०० रुपयांपर्यंत असल्याने विक्रेते तो मनावर घेत नाहीत. परंतु २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते. तरीसुद्धा पहिल्याच दिवशी तक्रार घेऊन जाऊ नका. तो टपरीवाला तुमच्याच पेठेतला आहे आणि त्यालाही घर चालवायचे आहे. पेठेतल्या चार-पाच जणांनी, त्यांत दोन-तीन आया असाव्यात, त्याच्याशी शांतपणे बोलावे आणि मुलांना माल न देण्याचा शब्द घ्यावा; तो मोडला तरच पोलिसांकडे जावे. सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावर २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले, तेव्हा हातभट्ट्यांवर छापे घालण्याबरोबरच त्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचाही प्रयत्न झाला. तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या या उपक्रमातून घेण्यासारखे आहे ते हेच, कारण नुसती फोडलेली भट्टी पुन्हा पेटते.

प्रश्न : मी सोलापुरातल्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत राहते आणि घरी विड्या वळते. चौदा वर्षांच्या मुलाच्या खिशात माव्याची पुडी सापडली. मी स्वतः दिवसभर तंबाखूत हात घालून बसते, मग त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

उत्तर : ताई, विडी वळणे हे तुमचे पोट आहे, व्यसन नाही, आणि ही गोष्ट मुलाला सरळ शब्दांत सांगायला संकोच वाटू देऊ नका. या कामामुळे तुमची बोटे, पाठ आणि छाती किती दुखते, हे त्याला तुमच्याइतके नेमकेपणाने कोणीही सांगू शकणार नाही. तंबाखूचे सूप मात्र मुले झोपतात-जेवतात तेथे ठेवू नका, आणि दोरा बांधायला त्याला बसवत असाल तर ते आजपासून थांबवा.

त्याला मारू नका आणि शेजाऱ्यांसमोर बोलू नका. पुडी कोणी दिली, दिवसातून किती वेळा खातो, हे एकांतात विचारा, आणि त्याने खरे सांगितले तर त्या खरेपणाबद्दल त्याला शिक्षा होऊ देऊ नका. माव्यात तंबाखूबरोबर सुपारी असते आणि सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. शेंगाचटणी पूर्वीपेक्षा जास्त झोंबते का, आणि तोंड उघडल्यावर त्यात तीन बोटे उभी मावतात का, हे पाहा. मावत नसतील तर त्याला लगेच दंतवैद्याला दाखवा, कारण तोंड आखडण्याचा हा आजार मागे फिरत नाही, तो वेळेत थांबवावा लागतो. सोडल्यानंतर पहिला आठवडा तो चिडचिड करील. त्या दिवसांत १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर त्याला स्वतःलाच बोलू द्या.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. एका विद्यार्थ्याच्या रुमालाला पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येतो. शाळेची बदनामी नको म्हणून त्याचा दाखला काढून द्यावा, असे काहींचे म्हणणे आहे.

उत्तर : दाखला देऊ नका. शाळा सुटली की त्याच्यावर लक्ष ठेवणारे शेवटचे ठिकाणही सुटेल. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, हुंगण्याचे पदार्थ ही अशी एकच नशा आढळली की जिचे प्रमाण मुलांत (१.१७ टक्के) प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त आहे, त्यामुळे असा विद्यार्थी तुमच्या एकट्याच्याच शाळेत आहे असे समजू नका. पालकांना एकांतात बोलवा, १४४४६ या व्यसनमुक्ती क्रमांकावर सल्ला घ्या आणि घरात मुलाकडे पाहणारे कोणी नसेल तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा. आणखी एक गोष्ट सर्व शिक्षकांना आणि शिपायांना आजच सांगून ठेवा : मुलगा हुंगताना दिसला तर त्याच्या अंगावर ओरडू नका आणि त्याच्यामागे धावू नका. या वाफांनी हृदयाचे ठोके बिघडलेले असताना एकदम घाबरल्याने किंवा पळाल्याने जागीच मृत्यू येऊ शकतो. हळू आवाजात बोलत त्याला मोकळ्या हवेत बसवावे, आणि तो शुद्धीवर नसेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.