जिनिंगचा पहिला हंगाम आणि हजेरीपट

भाऊ, दिवाळीनंतर तुमची जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारी गिरणी) सुरू होईल, तेव्हा यंत्रांइतकेच लक्ष हजेरीपटाकडे द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या पहिल्या हंगामात मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारावर मी सगळे सोपवले होते. त्याने मजुरीतून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के कापले, पण भरले नाहीत, आणि चौकशी आली तेव्हा मुख्य नियोक्ता, म्हणजे ज्याच्याकडे काम चालते तो मालक, म्हणून भरणा मलाच करावा लागला. रुईचे तंतू चिकटलेल्या त्या वहीत महिनाभराचे अंगठे एकाच बैठकीत, एकाच शाईने उमटवलेले होते, हे मला तेव्हा कुठे दिसले. म्हणून २० माणसे झाली की निधीची नोंदणी करावी, निधी भरल्याचे मागील महिन्याचे चलान पाहिल्याशिवाय ठेकेदाराचे बिल चुकते करू नये आणि मजुरी बँक खात्यातच जमा करावी. बाजाराच्या दिवशी रोख हवी म्हणून कुरकुर होईल, ती सोसावी.

कापूस निवडायला बहुतेक महिलाच असतात. १० कामगार असले तरी २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लेखी आदेशाने नेमणे बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि या विषयाची जाण असलेली एक बाहेरची व्यक्ती लागते. (बाहेरची व्यक्ती म्हणून गावपुढाऱ्याच्या घरातले नाव हमखास सुचवले जाईल, ते टाळावे.) तक्रार करायला घटनेपासून ३ महिन्यांची मुदत असते, पण हंगामी मजूर बाई फाल्गुनात गावी परतते, म्हणून समितीतील ताईंचा फोन क्रमांक वजनकाट्याजवळच्या भिंतीवर ठळक लिहावा आणि मेळघाटातून आलेल्या कोरकू महिलांना तो त्यांच्या भाषेत सांगवून घ्यावा.