1971 च्या लढाईत गेलेल्या माणसाबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं का?

विचारा, आणि लवकर विचारा. तुम्ही लिहिलंय की आजीचा धाकटा भाऊ 71 च्या लढाईत गेला, देह घरी आला नाही, आजी 80 च्या पुढे आहे आणि त्याचं नाव निघालं की उठून आत जाते. खपली निघेल अशी तुम्हाला भीती वाटते. मी खानदेशातल्या पारोळा तालुक्यातला. आमच्या घरातूनही त्याच लढाईत एक माणूस गेला, माझा सख्खा काका. तिथं खपली धरलेलीच नसते हो.

आजच्या पोरांना वाटतं, जवान गेला की तिरंगा पांघरलेली शवपेटी गावात येते, पंचक्रोशी लोटते. ही रीत रुळली 1999 च्या कारगिलपासून. 1965 आणि 71 मध्ये बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडेच उरकायचे. घरी यायची ती तार. आमची तार इंग्रजीत होती, शाळेतल्या गुरुजींनी वाचली. मागाहून त्याची लोखंडी पेटी आली, काळी, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत जर्सी, मफलर, दाढीचं सामान आणि अर्धी झिजलेली साबणाची वडी. त्या वडीला मोठ्या मायनं, म्हणजे माझ्या आजीनं, कुणाला हात लावू दिला नाही. अर्धा साबण ठेवून माणूस जातो का, असं विचारायची. आम्हाला उत्तर यायचं नाही.

मी तेव्हा चौथीत होतो. तिचं एकच म्हणणं, "तो येवाव शे", म्हणजे तो येणार आहे. देह पाहिला नाही, राख पाहिली नाही, मग कागदावर का विश्वास ठेवायचा? आणि आशेला खतपाणी मिळतच गेलं. बहात्तरचा दुष्काळ होता, सगळं घर खडी फोडायला जायचं. त्याच डिसेंबरात आपले युद्धकैदी वाघा सीमेवरून परत आले आणि कामावर कुणीतरी पेपर वाचून दाखवला. काका मराठा लाईट इन्फंट्रीत, पडला तो पूर्वेला, आजच्या बांगलादेशात, 10 डिसेंबरच्या रात्री जमालपूरला. सुटून आलेले पश्चिम आघाडीवरचे. पण ढाका कुठं आणि लाहोर कुठं, हे तिला कोण समजावणार? पुढं 54 बेपत्ता सैनिक पाकिस्तानच्या तुरुंगात असल्याचं बोललं जाऊ लागलं. पाकिस्ताननं अधिकृतपणे ते नाकारलं. अशी बातमी कानावर आली की मोठी माय महिनाभर दाराला कडी लावू द्यायची नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडं गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आगारी टाकतात म्हणजे विस्तवावर घास वाहतात. आबांनी काकाच्या नावाची घागर आणली, तर ही पदर खोचून उंबऱ्यात उभी. "तेनी घागर भरानी नही." ती घागर गोठ्यात पालथी पडून राहिली. काकू तेव्हा विशीतली. तिचं कुंकू पुसलेलं, आणि सासू म्हणते नवरा जिवंत आहे. कुठल्या बाजूनं रडायचं तेही तिला कुणी सांगितलं नाही. ती माहेरी गेली ती गेलीच. तिच्या वाट्याचं दुःख आमच्या घरानं कधी मोजलं नाही, याचा मला आजही राग येतो.

हे सुटलं ते काकाच्या पलटणीतल्या एका माणसामुळं. फौजेतून घरी आल्यावर तो चौकशी करत करत आमच्या ओट्यावर येऊन बसला. मोठ्या मायनं त्याला लढाईचं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, अग्नी कोणी दिला? तो म्हणाला, मी दिला, माय. लाकडं ओली होती, लवकर पेटेनात, पण आम्ही शेवटपर्यंत हललो नाही. त्या दिवशी ती मोठ्यानं रडली. आताच बातमी आल्यासारख्या गल्लीतल्या बायका दारावर आल्या. त्यानंतरच्या आखाजीला घागर तिनंच आणायला लावली.

म्हणून सांगतो, आजीशी बोलण्याआधी थोडी माहिती गोळा करा. सेना क्रमांक आणि पलटण जुन्या पेटीवर किंवा पेन्शनच्या कागदांत सापडेल. ते घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा असेल तर बेळगाव, महार असेल तर मध्य प्रदेशातलं सागर. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे 2019 मध्ये उघडलं, त्याग चक्रातल्या एकेका ग्रॅनाइटच्या विटेवर एकेका जवानाचं नाव कोरलंय. त्याचंही शोधा, फोटो मिळवा. तो कुठं पडला, केव्हा पडला, एवढं जरी हाती आलं तरी तिच्यासाठी पुष्कळ आहे.

बोलताना मात्र मरणापासून सुरुवात करू नका. वीर, बलिदान हे तिनं शाल-नारळाच्या कार्यक्रमांत पोटभर ऐकलं असेल. तो विहिरीत पोहायचा का, आखाजीला तिला माहेरी आणायला मुऱ्हाळी म्हणून कोण जायचं, भरीत-भाकरी किती खायचा, हे विचारा. पहिल्या वेळी उठून गेली तर जाऊ द्या, चार दिवसांनी पुन्हा जवळ बसा. आणि घरात त्याची बायको हयात असेल, कुठंही असो, तर तिलाही जाऊन भेटा. तिला बहुधा कुणीच काही विचारलेलं नसेल.