वाचकांचे प्रश्न : रात्रीच्या खुर्चीला माणसं किती लागतात?

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची होती, नेटवर्कचा सपोर्ट चोवीस तास चालवायचा तर माणसं कुठून आणायची आणि त्यांना कसं बसवायचं. त्यातली चार घेतोय, नावं गाळून.

प्रश्न : सर, बार्शी भागात आमचा फायबर ब्रॉडबँडचा धंदा आहे, आधी केबल होती त्यातूनच वाढत गेला, आता साडेतीन हजार कनेक्शन झालेत. नॉकला, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवायच्या कंट्रोल रूमला, दोन मुलं ठेवलीत, एक दिवसा बारा तास, एक रात्री बारा तास. जाहिरातीत 24 तास सपोर्ट लिहिलंय पण रात्री फोनच उचलत नाहीत अशी लोकांची बोंब आहे, आणि एक जण गावी गेला की दुसऱ्याला डबल बसावं लागतं. तिसरा घेतला तर भागेल का?

उत्तर : नाही भागणार. साधा हिशोब करू. आठवड्याचे तास 168. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात एका माणसाला आठवड्याला 48 तास ही मर्यादा आहे, त्यावर काम घेतलं तर डबल रेटने ओव्हरटाइम. 168 ला 48 ने भागा, साडेतीन येतात, आणि हे सगळं एका खुर्चीसाठी, तेही वर्षभर कुणी शिंकलंसुद्धा नाही असं धरून. आता त्याच कायद्यातल्या 8 सीएल, 8 सणावाराच्या भरपगारी सुट्ट्या, शिवाय 20 दिवस काम केलं की 1 दिवस अशी हक्काची रजा, हे सगळं मिळून वर्षातला एक महिना तरी माणूस जागेवर नसणारच, म्हणजे आकडा जवळजवळ चारावर जातो. चार म्हणजे काठावर पास. एकाने नोकरी सोडली की बसलं सगळं, म्हणून पाच धरा. पाच दिवसांचा आठवडा असेल तर पाचांतही ओढाताण होते. तुमची दोन मुलं आत्ता आठवड्याला 84 तास भरतायत आणि रात्री फोन उचलत नाहीत म्हणजे झोपतायत, दुसरं काय करणार बिचारी.

पण साडेतीन हजार कनेक्शनवर पाच पगार काढायचे का, तर मला वाटतं गरज नाही. तुमचा कॉल रजिस्टर काढून बघा, रात्री बारा ते सकाळी सहा किती फोन येतात. घरगुती कनेक्शनवाला पहाटे तीनला फोन करत नाही हो, करतो तो हॉस्पिटल, सीसीटीव्हीवाला नाहीतर परदेशातल्या क्लायंटचं काम घरून करणारा. म्हणून सकाळी सात ते रात्री बारा दोन शिफ्टमध्ये माणूस बसवा, त्याला तीन माणसं पुरतात, आणि बारानंतर ऑन-कॉल ठेवा, म्हणजे माणूस घरी झोपेल पण फोन वाजला की उचलेल. त्यासाठी चौथा माणूस घ्या आणि ती पाळी चौघांत दर आठवड्याला फिरवा. झॅबिक्ससारखं नेटवर्कवर नजर ठेवणारं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते अलार्म थेट मोबाइलवर पाठवतं. मात्र ऑन-कॉलचे पैसे वेगळे द्या, आणि रात्री उठलेल्याला सकाळी सातला बोलवू नका. पैसे न देता ऑन-कॉल म्हणजे फुकटची नाइट शिफ्ट आहे, पोरांना ते बरोबर कळतं आणि मग फोन सायलेंटवर जातात.

आता मुख्य मुद्दा, जो कुणी विचारत नाही. रात्रीच्या माणसाला काय येतं आणि काय करायची मुभा आहे? अलार्म वाजला, एका पॉन पोर्टवरचे, म्हणजे ऑफिसातून निघणाऱ्या एकाच फायबरवरचे, चाळीस ओएनयू (गिऱ्हाइकाच्या घरातली फायबरची डबी) एकदम डाऊन. नवखा मुलगा लगेच तुटलेली फायबर जोडणाऱ्या जॉइंटिंगवाल्याला उठवतो, तो मशीन घेऊन गाडीवर निघतो आणि तिथे गेल्यावर कळतं की गल्लीतली लाइटच गेलीये. वास्तविक ओएलटीच्या, म्हणजे हे सगळे ओएनयू ज्याला जोडलेले असतात त्या तुमच्याकडच्या मुख्य यंत्राच्या, स्क्रीनवर उत्तर असतं. वीज गेली की ओएनयू बंद पडता पडता शेवटचा एक निरोप पाठवतो, त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. सगळीकडे डाइंग गॅस्प दिसला तर महावितरणचा विषय, झोपू द्या लोकांना. नुसताच एलओएस, म्हणजे सिग्नल गेल्याची खूण, दिसतोय, डाइंग गॅस्प एकाचाही नाही, तर फायबर तुटली, मग ओटीडीआर लावायचा, किती मीटरवर तुटली ते बघायचं आणि मगच माणूस पाठवायचा. एवढं शिकवायला एक दुपार पुरते. आणि दुसरं, त्याला मालकाला किंवा बॅकबोनवाल्याला (ज्याच्याकडून तुम्ही मोठी लाइन घेता तो) रात्री तीनला उठवायची परवानगी लेखी द्या. "साहेब चिडतील" म्हणून सहा वाजेपर्यंत वाट बघणारी मुलं किती बघितलीत म्हणून सांगू. टेबलावरच्या माणसालाच जॉइंट मारायला पाठवायची सवय असेल तर तीही सोडा, तो गेला की खुर्ची रिकामी.

अजून एक, ऑन-कॉलवाल्यांची सिमं तुमच्या नेटवर अवलंबून नसलेल्या दोन वेगळ्या कंपन्यांची असू द्या. कॅनडात 8 जुलै 2022 ला रॉजर्स या टेलिकॉम कंपनीचं सगळं नेटवर्क पडलं, मोबाइल इंटरनेट दोन्ही, तेव्हा त्यांच्याच इंजिनिअरांना एकमेकांशी बोलता येईना कारण सगळ्यांचे फोन रॉजर्सचेच, शेवटी दुसऱ्या कंपन्यांची सिम कार्डं साइटवर पाठवावी लागली. तुमच्या ऑफिसचा फोन तुमच्याच फायबरवर चालतो ना? बघा मग.

प्रश्न : मी पुण्यात एका कंपनीच्या नॉकमध्ये एल-वन, म्हणजे पहिल्या पायरीचा इंजिनिअर आहे, वय 24. आमचा रोस्टर दर आठवड्याला उलटा फिरतो, नाइटनंतर सेकंड, सेकंडनंतर फर्स्ट. झोपेची पार वाट लागलीये, घरचे म्हणतात सवय होईल. होते का सवय?

उत्तर : अशा रोस्टरची नाही होत, घरच्यांना सांग. शरीराला पुढे सरकायला सोपं जातं, मागे यायला जड. म्हणून फर्स्ट, सेकंड, नाइट असा फिरवा म्हणून मॅनेजरला सांग, माणसं तेवढीच लागतात, खर्च शून्य, फक्त एक्सेलमधले कॉलम बदलायचे. सलग सात नाइट मारण्यापेक्षा दोन-तीन नाइट आणि मग पूर्ण दिवस सुट्टी हे बऱ्याच जणांना झेपतं. काही जणांना कायमची नाइटच आवडते, भत्ता मिळतो, साहेब लोक डोक्यावर नसतात, तसा कुणी टीममध्ये असेल तर त्याला ती घेऊ दे की. पण हा विषय हसण्यावारी नेऊ नकोस, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीचं काम "बहुधा कर्ककारक" गटात टाकलं आणि 2019 मध्ये परत तपासून तिथेच ठेवलं. लगेच घाबरून राजीनामा टाकायचा असा याचा अर्थ नाही, पण दहा वर्षं नाइटच करायची का हे आत्ताच ठरव. आणि नाइट संपल्यावर बाइकवर घरी जाऊ नकोस रे, कंपनीची कॅब असेल तर ती घे, नसेल तर माग.

क्लायंट अमेरिकेचा असेल तर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं तासभर सरकतात, न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. त्या आठवड्यात हँडओव्हरला हमखास एक तास खुर्चीवर कुणीच नसतं, नाहीतर दोघं बसतात. रोस्टर आधीच बघून ठेव.

प्रश्न : नवी मुंबईत नॉक इंजिनिअर आहे. मॅनेजर म्हणतात मुलींना नाइट द्यायला कायद्याने बंदी आहे, आणि वर नाइटचा अनुभव नाही म्हणून एल-टूला, म्हणजे वरच्या पायरीला, घेत नाहीत. मला नाइट करायची आहे. काय करू?

उत्तर : दोन्हीकडून मारायचं म्हणजे कमाल आहे. बंदी वगैरे नाही. वर सांगितलेल्या 2017 च्या कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलांना त्यांच्या संमतीने काम करता येतं, सुरक्षिततेची आणि घरापर्यंत सोडण्याची व्यवस्था कंपनीने करायची. खरी अडचण बहुतेक कॅबच्या बिलाची असणार. त्याच कायद्यात भरती, ट्रेनिंग, बदली, बढती यात स्त्री म्हणून भेदभाव करायचा नाही असंही आहे. तेव्हा एचआरला मेल टाका, तोंडी नको. मेलमध्ये एवढंच, माझी नाइटला संमती आहे, वाहतुकीची व्यवस्था कधीपासून होईल, आणि एल-टूसाठी कोणते निकष आहेत ते लेखी कळवा. संमती तुमची आहे म्हणजे नको असेल तेव्हा नाही म्हणायचा हक्कही तुमचाच, हे टीममधल्या बाकी मुलींनाही सांगा, नाहीतर तुमचं उदाहरण देऊन त्यांच्या गळ्यात नाइट मारतील.

प्रश्न : रात्रीचा सपोर्ट बाहेरच्या एजन्सीला दिला तर? स्वस्त पडतंय.

उत्तर : पडणारच, कारण त्यांचा एक माणूस तुमच्यासारख्या दहा जणांचे स्क्रीन बघतो. चालेल, पण करार करताना दोन गोष्टी विचारा. पहिली, ते फक्त तिकीट उघडणार, म्हणजे तक्रार नोंदवून ठेवणार, की राउटरला हात लावणार? नुसतं तिकीट उघडणार असतील तर ते काम तुमचं मॉनिटरिंग आधीच करतंय. दुसरी, हॅक वगैरे झालं तर कोण कळवणार? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून 6 तासांत त्यांना कळवायचा असतो, लॉग 180 दिवस ठेवायचे असतात. एजन्सीवाल्याच्या रात्री एकला लक्षात आलं आणि त्याने सकाळी नऊला तुम्हाला मेल केला तर मुदत कधीच संपलेली असेल आणि जाब तुम्हाला द्यावा लागेल. म्हणून करारात तुमच्या एका माणसाचा नंबर टाका, उचलला नाही तर दुसऱ्याचा, आणि पहिल्या महिन्यात एकदा रात्री दोनला स्वतः एखादं पोर्ट बंद करून बघा किती वेळात फोन येतो ते.