आधी वाटणी, मग वैराग्य

प्रश्न : मी ५२ वर्षांचा व्यावसायिक आहे. हलाखीच्या दिवसांत मला देवावाचून कोणाचा आधार नव्हता आणि प्रार्थनेला बसलो की डोळे भरून येत. वडिलांच्या पश्चात त्यांची जागा विकून मी व्यवसाय सुरू केला आणि देवाने हात दिला. आज पैसा आहे, मान आहे. पण डोळे मिटले की देवाऐवजी हिशेब दिसतात. उत्पन्नाचा दहावा भाग मी नियमाने दान करतो. आमच्या प्रार्थनास्थळाचे सभागृहही माझ्याच देणगीतून उभे राहिले आहे आणि त्याच्या विस्ताराचा खर्च मी उचलणार आहे. तरी मन कोरडेच राहते. पूर्वी पहाटे मी आणि ताई एकत्र प्रार्थनेला बसत असू. जागेच्या कागदांवर तिने सही करून दिल्यानंतर हळूहळू तिचे येणे थांबले आणि आता मी एकटाच बसतो. संपत्तीने मला देवापासून तोडले आहे, असे वाटते. ‘सर्व विकून दान कर’ हे प्रभूचे वचन मनातून जात नाही. व्यवसाय सोडून, जवळचे सारे वाटून टाकून उरलेले आयुष्य उपासनेत घालवावे का?

उत्तर : तुमच्या पत्रात देव, दान आणि उपासना यांवर पुष्कळ मजकूर आहे आणि ताईंवर दोनच वाक्ये आहेत, तीही पहाटे आपल्याला सोबत उरली नाही एवढे सांगण्यापुरते. मला उत्तर द्यायचे आहे ते त्या वाक्यांना.

जागा वडिलांची होती, म्हणजे त्यांच्या पश्चात ती तुम्हा दोघांची होती. ती विकता यावी म्हणून ताईंनी सही केली, आणि ती विकून आलेल्या रकमेवर तुमचा व्यवसाय उभा राहिला. या गोष्टी तुम्ही पत्रात एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर ठेवल्या आहेत, इतक्या की घाईने वाचणाऱ्याला त्यांचा संबंध लागू नये. सहीच्या बदल्यात ताईंना काय मिळाले, हे तुम्ही लिहिलेले नाही. काही मिळाले असते तर तुम्ही ते नक्की लिहिले असते, कारण दान उत्पन्नाच्या कितव्या भागाचे करता हे लिहायला तुम्ही विसरलेला नाहीत.

सही त्यांनी राजीखुशीने केली, असे तुम्ही म्हणाल, आणि कागदोपत्री तेवढे पुरेसेही असेल. परंतु अडचणीत सापडलेल्या भावासाठी बहीण सही करते, तेव्हा ती त्या दिवसाची अडचण पाहून करते; अडचण सरली, हाती पैसा आला की भावाला आपण होऊन आठवण होईल, ही अपेक्षा ती बोलून न दाखवताही बाळगून असते. त्या काही काळ तुमच्याबरोबर प्रार्थनेला येतही राहिल्या, कारण त्यांचे येणे एकदम नव्हे, ‘हळूहळू’ थांबले असे तुम्हीच लिहिता. म्हणजे त्यांनी वाट पाहिली. तुम्ही सभागृह बांधलेत.

डोळे मिटल्यावर हिशेब दिसतात, ही तुमची मुख्य तक्रार आहे आणि तिचा दोष तुम्ही संपत्तीवर ठेवून मोकळे झाला आहात. संपत्तीची ओढ मोठी असते, हे मी नाकारत नाही. पैसा वाढला की त्याची राखण वाढते, राखणीबरोबर भीती येते आणि मग देवापुढे बसलेला माणूसही मनाने तिजोरीपाशीच बसलेला असतो. परंतु दिसणारे हिशेब नेमके कोणते, हे तुम्ही सांगितलेले नाही. माझा तर्क असा की, येणे वसूल करण्याचे हिशेब तुम्हाला दिवसा, कार्यालयात दिसत असतील. पहाटे दिसतो तो देण्याचा. तसे असेल तर त्याला तुम्ही प्रार्थनेतला अडथळा समजू नका. कदाचित तुमच्या साऱ्या प्रार्थनेत तेवढीच एक गोष्ट खरी उरली असेल.

आता तुमच्या वैराग्याच्या बेताविषयी. तुकोबांनी कर्जदारांची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, ही हकिकत आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते, पण तिचा पहिला भाग सहसा कोणी सांगत नाही. घराण्यात सावकारी होती, १६३० च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला, घरात मृत्यू झाले आणि तुकोबांचे मन व्यवहारातून उठले. खते बुडवायची, असे त्यांनी ठरवले. परंतु त्यांच्या चरित्रपरंपरेनुसार त्यांनी ती सगळी उचलून नदीत टाकली नाहीत. आधी निम्मी खते धाकटे बंधू कान्होबा यांना त्यांची म्हणून वाटून दिली आणि जी स्वतःच्या वाट्याला आली, तेवढीच पाण्यात सोडली. कान्होबांना संसार करायचा होता, त्यांना आपली खते हवी होती, आणि तुकोबांनी आपल्या विरक्तीची किंमत त्यांच्याकडून वसूल केली नाही. ज्याचा आपण त्याग करतो ते आधी आपले असावे लागते, ही गोष्ट त्यांना विरक्तीच्या त्या भरातही दिसत होती. तुम्ही ‘सारे वाटून टाकतो’ म्हणता तेव्हा त्या साऱ्यात ताईंची खतेही नदीत जाणार आहेत, आणि वर लोक तुम्हाला विरक्त म्हणणार आहेत.

‘सर्व विकून दान कर’ हे वचन तुम्हाला आठवते. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात ते एका श्रीमंत अधिकाऱ्याला उद्देशून आले आहे. तसेच एक पान उलटून १९ वा अध्यायही वाचा. तिथे जक्कय नावाचा धनवान, जकातदारांचा मुखिया, भेटतो. तो म्हणतो की, मी आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचे काही अन्यायाने घेतले असेल तर ते चौपट परत करतो. आणि त्याच दिवशी त्याच्या घराला तारण, म्हणजे उद्धार, लाभल्याचे प्रभू सांगतो. जकातीचे काम सोडून दे, असे त्याला कोणी सांगितल्याचा उल्लेख तिथे नाही. गरिबांना देणे आणि ज्याचे त्याला परत करणे ही दोन वेगळी देणी आहेत, हे त्या माणसाला कळत होते. तुम्ही पहिले देणे वर्षानुवर्षे चोख देता आणि दुसरे त्यातच वळते झाले असे धरून चालता. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात तर क्रमच सांगून ठेवला आहे: वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन ते वाहावे. हा केवळ एका धर्माचा विचार आहे असेही नाही. इस्लाममध्ये रोख संपत्तीवर अडीच टक्के जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेले दान, काढायची, ती संपत्ती ठरावीक मर्यादेपलीकडची आणि वर्षभर स्वतःच्या मालकीत राहिलेली असेल तर. मालकी ही तिथली मूळ अट आहे.

तेव्हा व्यवसाय सोडू नका. ताईंचे देणे फेडायला तो लागणार आहे, आणि आत्ता तो सोडणे म्हणजे देवाचे नाव पुढे करून देणेकऱ्याने गाव सोडण्यासारखे होईल.

जागेचे कागद काढा आणि ताईंकडे जा. स्वतः जा, मुलांना, वकिलाला किंवा तुमच्या धर्मगुरूंना मध्ये घालू नका. ‘या जागेतला तुझा वाटा मी आजवर दिलेला नाही, तो द्यायला आलो आहे’ एवढेच बोला, आणि रक्कम विक्रीच्या वेळच्या भावाने काढू नका, त्या पैशाने इतकी वर्षे तुमच्या व्यवसायात काम केले आहे हे धरून काढा. त्या रकमेला प्रेमाची भेट म्हणू नका. क्षमा मागायची असेल तर मागा, पण रक्कम देण्याची अट म्हणून नव्हे, आणि पुन्हा पहाटे माझ्याबरोबर बसायला ये, असे तर मुळीच म्हणू नका. त्या रागावतील, कदाचित ‘मला काही नको’ म्हणून दार लावून घेतील, आणि ते ऐकून तुम्हाला मनातून जे हायसे वाटेल, त्याच्यापासून सावध राहा. नकार मिळाला म्हणून देणे फिटत नाही. रक्कम त्यांच्या नावे ठेवा, तसे त्यांना कळवा आणि ती कधी उचलायची हे त्यांच्यावर सोडा.

याने प्रार्थनेतला ओलावा परत येईलच, असे मी सांगणार नाही. तो परत यावा म्हणून तुम्ही ताईंचा वाटा देणार असाल, तर तो तुमचा आणखी एक व्यवहार होईल. तरीही द्या, कारण तुमच्या हेतूची पारख होईपर्यंत त्यांनी थांबून राहावे, असे काही नाही. सभागृहाच्या विस्ताराची रक्कम मात्र तोवर रोखून धरा. विश्वस्तांनी कारण विचारले, तर आधी बहिणीचे देणे फेडतो आहे, असे त्यांना सरळ सांगा.