हप्त्याभोवतीचं वर्तुळ

प्रश्न : मॅडम, मी बेस्टमध्ये आहे, पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतोय. परळला चाळीत राहतो. मुलगी बीएएफच्या (अकाउंटिंग आणि फायनान्सची पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजात सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. पण सीए फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, दोनदा नापास. दुसऱ्या वेळी १९१ मार्क, फक्त नऊ मार्कांनी गेलं. क्लासला ८५ हजार भरलेत. मोबाइल काढून घेतला, तरी लक्ष नाही. उलट माझ्याच हिशोबात चुका काढते! टिटवाळ्याला फ्लॅट बघितलाय, तिच्या पगारावर कर्ज घ्यायचा विचार आहे. हिशोबाचा कागद आणि तिच्या मार्कांचा फोटो जोडलाय. आता सप्टेंबरचा फॉर्म भरू, की शेजारच्या मुलासारखा सहा महिन्यांचा इन्व्हेस्टमेंट बँकिंगचा कोर्स लावू? तो आता ऐरोलीला इन्व्हेस्टमेंट बँकर झालाय.
– एक वडील, परळ

उत्तर : नमस्कार. तुमच्या प्रश्नाकडे येते, पण आधी त्या कागदाकडे. मार्कांपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

आखीव कागद, हिरवं बॉलपेन, सुबक अक्षर. पहिल्या रकान्यात साल, दुसऱ्यात मुलीचं वय. चोविसाव्या वर्षापुढे लिहिलंय ‘सीए’. तिथूनच पगार सुरू, हप्ताही सुरू. चव्वेचाळिसाव्या वर्षापुढे ‘कर्ज फिटलं’, आणि खाली दोन रेघा. मधल्या वीस वर्षांत तिचं लग्न नाही, आजारपण नाही, नोकरी बदलणं नाही. पुढे शिकावंसं वाटलं तर त्यालाही रकाना नाही. साहेब, जी मुलगी अजून एकोणीस वर्षांची आहे, तिची चव्वेचाळिशीपर्यंतची कमाई तुम्ही टिटवाळ्याला गुंतवून मोकळे झालात. आणि तिने विचार तरी काय करावा, मोबाइलसुद्धा तुमच्या खिशात.

त्याच कागदावर २२,५०० या आकड्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ आहे आणि बाजूला बारीक अक्षरात ‘घटती शिल्लक?’ असं लिहिलंय. ते खोडायचा प्रयत्न झालाय, पण फोटोत वाचता येतं. ते तिचं अक्षर असणार. ‘असल्या अकला पेपरात का सुचत नाहीत?’ असं तुम्ही तिला म्हणालात, तेही तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय.

ती बरोबर आहे. वीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. तुम्ही दरवर्षी पूर्ण वीस लाखांवर व्याज धरलंत. म्हणजे ३४ लाख व्याज, २० लाख मुद्दल, भागिले २४० महिने, झाले २२,५००. गृहकर्जाचं व्याज असं लागत नाही. ते उरलेल्या मुद्दलावर लागतं आणि मुद्दल दर महिन्याला थोडं थोडं उतरतं. त्या हिशोबाने हप्ता १७,३५६ च्या आसपास येतो. महिन्याला पाच हजारांहून जास्त फरक. तुमच्या चुकीमुळे तिच्या मानेवरचं ओझं तेवढं वाढलं होतं आणि तिने ते शोधून काढलं, तर तुम्ही तिला गप्प केलंत. माझ्याकडे फायनान्स करायचंय म्हणून येणाऱ्या दहा मुलांपैकी नऊ जणांना हा फरक विचारल्यावर घाम फुटतो. (त्यांच्या पालकांनाही फुटतो, ते सोडा.)

आता मार्क. ‘नऊ मार्कांनी गेलं’ हे खरं नाही. फाउंडेशनला एकूण ५० टक्के लागतात, म्हणजे ४०० पैकी २००, आणि शिवाय प्रत्येक पेपरात ४०. तिचे अकाउंटिंगला ६२, क्वांटला (गणित-संख्याशास्त्राचा पेपर) ५०, इकॉनॉमिक्सला ४५ आणि कायद्याला ३४. म्हणजे बेरीज २०० झाली असती तरी कायद्याने अडवलंच असतं. कायद्याचा पेपर लेखी असतो. तरतूद काय, दिलेल्या प्रसंगाला ती कशी लागू होते, निष्कर्ष काय, हे लिहून दाखवावं लागतं. ते क्लासात बसून येत नाही, रोज एक उत्तर लिहून आणि कुणाकडून तरी तपासून घेऊन येतं. सकाळी सातला कॉलेज, दुपारी दादरचा क्लास, रात्री अकरापर्यंत वाचन, असं तुम्हीच लिहिलंय. यात लिहायचं कधी?

आणि जी गोष्ट क्लासवाल्यांनी तुम्हाला सांगितलेली दिसत नाही ती ही : बी.कॉम. किंवा बीएएफसारखी वाणिज्य पदवी ५५ टक्क्यांनी मिळवली तर फाउंडेशन द्यावंच लागत नाही, थेट इंटरमीडिएटला, म्हणजे सीएच्या पुढच्या टप्प्याला, प्रवेश मिळतो. तुमची मुलगी सत्तरच्या घरात आहे. ज्या दारावर ती दोन वर्षं डोकं आपटतेय, त्याला वळसा घालून जाणारा रस्ता तिच्या कॉलेजातूनच जातो. पदवी झाल्यावर तिला सीए व्हावंसं वाटलं तर तेव्हा जाईल.

इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या कोर्सबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण हा गैरसमज मुंबईत घरोघरी आहे. इन्व्हेस्टमेंट बँकर म्हणजे कंपनीचा आयपीओ (लोकांना पहिल्यांदा शेअर विकणं) आणणारा, दोन कंपन्यांचं विलीनीकरण घडवणारा, कुणासाठी भांडवल उभं करणारा माणूस. अशा टीम लहान असतात, आणि तिथे बहुतेक करून नामांकित संस्थांचे एमबीए आणि सीए दिसतात. सहा महिन्यांच्या कोर्सनंतर ऐरोलीला किंवा मालाडला जी नोकरी लागते ती सहसा त्याच बँकांच्या ऑपरेशन्समधली असते. झालेल्या सौद्याचे पैसे आणि शेअर वेळेवर इकडून तिकडे गेले का, दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळतात का, ग्राहकाचं केवायसी नीट आहे का, हे पाहायचं. काम खोटं नाही, हलकंही नाही. आपल्याकडे २७ जानेवारी २०२३ पासून शेअरचे सगळे सौदे कामकाजाच्या पुढच्याच दिवशी पुरे करावे लागतात. अमेरिकेतही मे २०२४ पासून तेच झालंय. त्यामुळे जुळत नसलेली नोंद उद्यावर ढकलता येत नाही, आणि अमेरिकेच्या वेळेत काम असेल तर पोरं पहाटे घरी येतात. पण अशा जागांवर कंपन्या साध्या पदवीधरांनाही थेट घेतात. शेजारच्या मुलाची नोकरी चांगलीच असेल. तो इन्व्हेस्टमेंट बँकर नाही, एवढंच. जाहिरातीतल्या नावासाठी लाखभर रुपये मोजू नका.

बँकेच्या पीओ (अधिकारी) परीक्षा, रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी अधिकारी परीक्षा, गुंतवणूक विश्लेषणाची सीएफए, एनआयएसएमची शेअर बाजाराची प्रमाणपत्रं, हे सगळे रस्ते तुम्हाला कुणीही सांगेल आणि तिलाही ठाऊक असतील. ग्रेड बीच्या खुल्या गटाला पदवीत ६० टक्के लागतात, म्हणून पदवीकडे दुर्लक्ष नको, इतकंच.

मला तिच्यात दिसतं ते वेगळंच. समोरच्याने मांडलेला हिशोब वाचायचा आणि तो कुठे फसलाय ते शोधायचं. याला क्रेडिटचं काम म्हणतात, म्हणजे कर्ज देण्याआधीची पारख. एखाद्या कारखान्याला पाच कोटी द्यावेत का, तो ते फेडेल का, ताळेबंदात काय झाकलंय, हे पाहणारी माणसं बँकांना, वित्तसंस्थांना, क्रिसिल, इक्रा, केअरसारख्या पतमानांकन (कर्ज फेडण्याची क्षमता जोखणाऱ्या) संस्थांना कायम लागतात. क्रिसिल १९८७ साली मुंबईतच सुरू झाली, देशातली पहिली पतमानांकन संस्था. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या पतपेढीच्या किंवा सहकारी बँकेच्या कर्ज विभागात दोन महिने बिनपगारी बसायला मिळालं तरी तिने बसावं. पुढे एमबीए किंवा जमनालाल बजाजची एमएससी फायनान्स, तेव्हाचं तेव्हा पाहता येईल.

फ्लॅटचं रोखठोक सांगते. मुलीने घराला हातभार लावणं गैर नाही, परळच्या चाळींतली किती घरं मुलींच्या पगारावर उभी राहिली, हे तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलंय. पण पहिला पगार हातात यायच्या आधी वीस वर्षं बांधून टाकणं गैर आहे. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी आणि फंड मिळून हातात किती येतील, ते कागदावर कुठेच नाही. त्यातून मुद्दल निम्मं झालं तर हप्ताही निम्मा होईल, पावणेनऊ हजारांच्या आत. तो घटता हिशोब तिला मांडू द्या, आणि कर्ज कुणाच्या नावावर, किती वर्षांचं, हे त्यानंतर ठरवा. तिने नाही म्हटलं तर तेही ऐकून घ्या.

सप्टेंबरचा फॉर्म भरू नका. मोबाइल आज परत द्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता. कायदा तिला मुळात आवडतो की नाही, इथपासून मला तिला बरंच विचारायचं आहे.