नाताळचा कंदील मुलांसोबत करताना

आपण प्रथमच मुलांना घेऊन नाताळची सजावट करणार आहात, तेव्हा विकतच्या वस्तूंपेक्षा चांदणीच्या कंदिलापासून सुरुवात करावी, असे मी मनापासून सुचवते. नाशिकच्या बाजारात डिसेंबरमध्ये संक्रांतीसाठी पतंगी कागद येऊ लागतो आणि दिवाळीच्या मोडक्या आकाशकंदिलातील कामट्याही वापरता येतात. सारख्या लांबीच्या पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन चांदण्या बांधाव्यात; त्यांची पाचही टोके एकमेकींना दोऱ्याने घट्ट आवळावीत आणि आतल्या बाजूस कामट्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या पाच ठिकाणी चार-चार इंचांचे तुकडे उभे अडकवावेत, म्हणजे सांगाडा फुगतो. हे अडकवण्याचे काम मोठ्यांनी करावे, कारण कामटीचे कुसळ बोटात सहज शिरते. कागद चिकटवणे मात्र संपूर्णपणे मुलांवर सोपवावे. सुरकुत्या पडल्या तरी त्या पुन्हा नीट करत बसू नये. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ पुरेशी असते, परंतु किडे लागू नयेत म्हणून जुने लोक तीत घालत ते मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हातात मुळीच देऊ नये. आत मेणबत्तीऐवजी छोटा एलईडी दिवा लावावा.

दारावरच्या गोल तोरणासाठी ऑक्टोबर छाटणीतील द्राक्षाच्या काड्या ओळखीच्या बागाईतदाराकडे मागून पाहाव्यात. फवारणीचा अंश राहिलेला असतो, म्हणून त्या आधी स्वच्छ धुवाव्यात, रात्रभर भिजवाव्यात आणि मऊ झाल्यावरच वळवाव्यात.