याकोब तत्सम, जेम्स तद्भव

प्रश्न असा आला: मराठी बायबलमधले 'याकोबाचे पत्र' इंग्रजीत 'जेम्स'चे पत्र म्हणून छापतात. मग ते लिहिणारा याकोब म्हणजे इसहाकाचा मुलगा, इस्राएलाच्या बारा वंशांचा मूळपुरुष, तोच का? नसेल तर मराठी भाषांतरकारांनी सरळ 'जेम्स' लिहायचे सोडून हा घोळ का घातला? आणि एकाच नावाची ही माणसे ओळखायची तरी कशी?

तो नव्हे. आणि घोळ मराठीने घातलेला नाही. 'मराठीत नाव चुकले आहे, खरे नाव जेम्स' असे चांगली शिकलेली माणसे ठणकावून सांगतात, आणि दर वेळी माझा जीव तळमळतो. नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, ग्रीकमध्ये लिहिला गेला. त्यात 'याकोबोस' आहे. 'जेम्स' त्यात कुठेही नाही आणि असणे शक्यही नव्हते, कारण त्या ग्रीकमध्ये 'ज' हा ध्वनीच नव्हता. मराठीने मूळ नाव जपले. बदलले ते इंग्रजीत.

याहून संतापजनक म्हणजे एक दंतकथा: इंग्लंडच्या जेम्स राजाने १६११ च्या भाषांतरात स्वतःचे नाव घुसवले म्हणे. साफ खोटे आहे हे. विक्लिफच्या प्रेरणेने झालेले इंग्रजी बायबल १३८० च्या दशकातले, त्यात येशूचा शिष्य, जब्दीचा मुलगा, जेम्सच आहे. टिंडलच्या १५२६ च्या नव्या करारातही जेम्सच आहे. हा राजा जन्मला १५६६ साली! उलट त्याच्या स्वतःच्या नाण्यांवर लॅटिनमध्ये नाव कोरलेले आहे ते 'याकोबुस'. जेम्स म्हणजेच याकोब हे टाकसाळीतल्या माणसांना पक्के ठाऊक होते. त्याच्या कारकिर्दीला इंग्रजीत 'जॅकोबियन' म्हणतात आणि १६८८ मध्ये गादी गमावलेल्या दुसऱ्या जेम्सच्या पक्षपात्यांना 'जॅकोबाइट' म्हणतात, ते या लॅटिन रूपावरूनच.

मग याकोबचा जेम्स झाला कसा? हा प्रवास मला फार प्रिय आहे, आणि मराठी माणसाला तो इंग्रज माणसापेक्षा लवकर कळावा, कारण आपल्या व्याकरणात त्यासाठी दोन नेमके शब्द आधीच आहेत: तत्सम आणि तद्भव.

ग्रीक 'याकोबोस'चे लॅटिनमध्ये 'याकोबुस' झाले. तिथवर नाव पोथीतले होते. पुढे संतांच्या नावावरून पोरांची नावे ठेवली जाऊ लागली, नाव अंगणात आले, हाकेत आले, आणि झिजू लागले. उशिराच्या लॅटिनमध्ये 'याकोमुस' असे रूप दिसते. 'ब'चा 'म' झाला. त्या 'म'वाल्या रूपातून इटालियन 'जाकोमो', कातालान 'जाउमे', स्पॅनिश 'हाइमे' आणि जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजी 'जेम्स' आले. पोथीतला कुलाधिपती, म्हणजे इसहाकाचा मुलगा, मात्र पोथीतच राहिला, त्याचे नाव कोणी रोज हाका मारून घासले नाही, म्हणून तो 'जेकब' असा जवळजवळ जसाच्या तसा उरला. जेकब तत्सम, जेम्स तद्भव. आपल्याकडे क्षेत्र आणि शेत, गर्भिणी आणि गाभण. शब्द मुळात एकच. एक रूप पोथीत राहिले, दुसरे तोंडोतोंडी झिजले, आणि मग दोघांनी अर्थ वाटून घेतले. गर्भिणी बाई, गाभण गाय. जेकब कुलाधिपती, जेम्स प्रेषित. ही वाटणी एकट्या इंग्रजीत झाली असेही नाही. इटालियनमध्ये कुलाधिपती 'जाकोब्बे' आणि प्रेषित 'जाकोमो', फ्रेंचमध्ये 'झाकोब' आणि 'झाक'. स्पॅनिशने तर कमाल केली. 'संत' आणि 'यागो' जोडून 'सांतियागो' झाले आणि लोकांनी त्याचा पदच्छेद चुकीच्या जागी केला, तेव्हा संताचा 'त' नावाला चिकटून आला: पोर्तुगीज 'तियागो' हा असा जन्मला. चिलीच्या राजधानीच्या नावात हाच याकोब आहे.

आता 'ब'चा 'म' का? युरोपीय कोशकार इथे 'बदललेले रूप' एवढे दोन शब्द लिहून पुढे जातात. बदलले हे दिसतेच आहे, कसे बदलले ते सांगा! माझे मत मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. ब आणि म दोन्ही ओष्ठ्य. ओठ त्याच जागी मिटतात, फरक एवढाच की म म्हणताना हवा नाकावाटे जाते. हे दोघे शेजारी सतत एकमेकांच्या घरात शिरतात. संस्कृत 'आम्र'चा 'आंबा' होताना म-जवळ ब येऊन बसला, 'ताम्र'चे 'तांबे' होतानाही तेच. उलट 'निम्ब'चा हिंदीत 'नीम' झाला, तिथे ब निघून गेला आणि म उरला. मराठीने मात्र 'निंब' सांभाळला. म्हणून मला वाटते, याकोबुस आणि याकोमुस यांच्यामध्ये बोलीत 'याकोंबुस'सारखी एक अनुनासिक पायरी असणार: आधी ब-च्या अलीकडचा स्वर नाकात गेला, मग ब गळाला. निंब ते नीम, तसेच हे. ज्यांना ही पायरी अनावश्यक वाटते त्यांनी ब-ने एकदम उडी कशी मारली ते सांगावे. 'असे होते कधी कधी' हे उत्तर नव्हे.

मराठीवर एकच आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा आहे. ग्रीक नव्या करारात थोडा भेद आहे: कुलाधिपतीसाठी 'याकोब', विभक्तिप्रत्यय न घेणारे, आणि नव्या करारातल्या बहुतेक माणसांसाठी 'याकोबोस', ग्रीक नामासारखे चालणारे. यावर काही विद्वान म्हणतात की ग्रीकमध्येच ही दोन नावे आहेत आणि मराठीने भेद पुसला. हा युक्तिवाद टिकत नाही. पहिल्या शतकातलाच योसेफस हा यहुदी इतिहासकार ग्रीकमध्ये लिहिताना कुलाधिपतीलाही 'याकोबोस'च म्हणतो. म्हणजे '-ओस' हा निव्वळ ग्रीक प्रत्यय, नाव एकच. आपण 'याकोबाने, याकोबाला' म्हणतो तेव्हा नाव बदलते का?

अर्थाबद्दलही एक चूक सारखी कानी येते. नावांचे अर्थ सांगणाऱ्या याद्या 'याकोब म्हणजे फसवणारा' असे बेधडक छापतात. हिब्रूत 'आकेव' म्हणजे टाच. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात जुळ्यांपैकी धाकटा थोरल्या एसावाची टाच धरून बाहेर येतो, म्हणून त्याचे नाव 'याकोव'. फसवणुकीचा अर्थ येतो २७ व्या अध्यायात, आणि तो कोणाच्या तोंडी? आशीर्वाद गमावलेल्या, रडणाऱ्या एसावाच्या! त्याच धातूचा दुसरा अर्थ घेऊन तो म्हणतो की याचे नाव याकोब ठेवले ते योग्यच, याने मला दोनदा फसवले. दुखावलेल्या भावाने रागात केलेली ही कोटी आहे, आणि याद्यांनी तिलाच कोशातला अर्थ करून टाकले. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात हीच कोटी पुन्हा येते: 'प्रत्येक भाऊ फसवतो' हे तिथे हिब्रूत 'आकोव याकोव' अशा शब्दांत आहे. भाषांतरात हा नाद कोणालाच राखता येत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

टाच धरणाऱ्या या माणसाचे नाव आपल्या अंगावरही आहे, ते 'जाकीट'. शब्द आला इंग्रजीतून, इंग्रजीत आला फ्रेंच 'झाकेट'मधून, ते 'झाक' नावाच्या आखूड अंगरख्याचे लघुरूप. आणि 'झाक' हे फ्रेंच शेतकऱ्याचे सरसकट नाव, म्हणजेच याकोब. १३५८ मध्ये फ्रान्सच्या शेतकऱ्यांनी बंड केले, त्याला इतिहासात 'झाकरी' म्हणतात ते यामुळेच. काही कोशकार हा अंगरखा अरबी 'शक्क', म्हणजे चिलखत, आणि तिथून स्पॅनिश शब्द अशा वाटेने आणतात. मला ते मुळीच मान्य नाही. गरीब शिपाई आणि शेतकरी घालत तो कपडा. त्याला घालणाऱ्याचे नाव मिळणे यापेक्षा स्वाभाविक काय? समोर उभा असलेला झाक सोडून अरबस्तानात कशाला जायचे?

मूळ प्रश्नाकडे येतो. पत्रातला याकोब कुलाधिपती वाटतो, त्याला कारण आहे. पत्राची सुरुवातच पांगलेल्या 'बारा वंशांना' सलाम करून होते. पण दुसरा अध्याय वाचा. तिथे राहाबचा दाखला आहे. राहाब यरीहोची, मोशेनंतर पुढारी झालेल्या यहोशवाच्या काळातली, कुलाधिपतीच्या कितीतरी पिढ्या नंतरची. पाचव्या अध्यायात ईयोब आणि एलीया येतात. प्रश्न इथेच सुटतो.

नव्या करारातले याकोब असे. जब्दीचा मुलगा याकोब, योहानाचा भाऊ, बारा प्रेषितांपैकी एक. त्याला हेरोद अग्रिप्पा पहिला याने तलवारीने मारवले (प्रेषितांची कृत्ये १२). हा हेरोद ४४ साली मेला, म्हणजे याकोबाचा मृत्यू त्याआधीचा. अल्फीचा मुलगा याकोब, हाही बारांपैकी, पण त्याच्याविषयी यादीतल्या नावापलीकडे जवळजवळ काही नाही. आणि प्रभूचा, म्हणजे येशूचा, भाऊ याकोब, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी. योसेफसच्या सांगण्यानुसार त्याला महायाजक हनन याने ६२ च्या सुमारास दगडमार करवून मारले. परंपरा पत्र याच्याच नावावर देते आणि मलाही ते योग्य वाटते.

लॅटिन बायबलचा भाषांतरकार जेरोम याने चौथ्या शतकात यातले शेवटचे दोघे एकच ठरवले: 'भाऊ' म्हणजे मावसभाऊ, म्हणून प्रभूचा भाऊ तोच अल्फीचा मुलगा. आपण चुलतभावाला, मावसभावाला भाऊच म्हणतो, त्यामुळे मराठी कानाला हे चटकन पटते. त्यामागच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, पण भाषेच्या अंगाने जेरोम लंगडा पडतो. ग्रीकमध्ये असल्या भावासाठी वेगळा शब्द आहे, 'अनेप्सिओस', आणि कलस्सैकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात मार्क बर्णबाचा कोण हे सांगताना पौल तोच वापरतो. गलतीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात याकोबाबद्दल लिहिताना मात्र तोच पौल साधा 'भाऊ' लिहितो.

एक चौथा याकोब लोक विसरतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या वंशावळीत मरीयेचा पती योसेफ याच्या बापाचे नावही याकोब आहे. म्हणजे याकोबाचा मुलगा योसेफ बायबलमध्ये दोनदा आहे: एक कुलाधिपतीचा मुलगा, दुसरा मरीयेचा पती. दोघांनाही स्वप्नांतून कळलेले, दोघेही मिसर देशात गेलेले. मत्तयाला हे जुळवून आणायचे होते असे मी मानतो. लूक त्याच योसेफाचा बाप एली सांगतो, ते ताडून पाहा.

ओळखण्याची खूण विचारली होती. ती षष्ठीत आहे. जब्दीचा, अल्फीचा, प्रभूचा. नाव वाचून थांबू नका, मागचा 'चा' पाहा. यहूदाच्या बाबतीतही हेच. याकोबाचा चौथा मुलगा, येशूला धरून देणारा इस्कर्योत, पत्र लिहिणारा 'याकोबाचा भाऊ', सगळे मराठीत यहूदाच, आणि मुळातही एकच नाव. इंग्रजीने त्याचे तीन तुकडे केले: जूडा, जूडस, जूड. योहानाच्या १४ व्या अध्यायात दुसरा एक यहूदा प्रश्न विचारतो, तेव्हा लेखक लगेच सांगतो की हा इस्कर्योत नव्हे. त्याच्या पहिल्या वाचकांचाही गोंधळ होत होता, तर आपला होणारच.

एका जागी मात्र मराठीनेही नाव फोडले आहे, आणि ते बरेच केले. यहोशवा आणि येशू ग्रीकमध्ये एकच: 'येसूस'. हिब्रूत 'यहोशुआ'चे आखूड रूप 'येशुआ', आणि नहेम्याच्या ८ व्या अध्यायात नूनाच्या मुलालाच, म्हणजे यहोशवालाच, हे आखूड नाव दिलेले आहे. इब्री लोकांस पत्राच्या ४ थ्या अध्यायातले ८ वे वचन मराठीत वाचा: यहोशवाने त्यांना विसावा दिला असता तर पुढे दुसऱ्या दिवसाविषयी सांगितले नसते. अर्थ स्वच्छ लागतो. १६११ च्या इंग्रजीत त्याच जागी 'जीझस' आहे. तेवढे वचन वाचणाऱ्याला वाटते की विसावा येशूला देता आला नाही.